डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या केसमधली, प्रोटेक्शन ऑर्डर (संरक्षण आदेश) झाली की बंदुकीचं लायसन्स जातं का? मिळणार असेल तर अडकतं का?

दोन प्रश्न आलेत, दोन्ही आपल्या नाशिकचेच. एक निफाड साइडच्या बागायतदार काकांचा. त्यांच्या नावावर बारा बोअरची जुनी बंदूक, वय सत्तरीच्या पुढे, आता लायसन्स मुलाच्या नावावर करायचंय, पण सुनेने डीव्हीची केस टाकलीय आणि मुलाविरुद्ध अंतरिम प्रोटेक्शन ऑर्डर झालीय, तर बंदूक त्याच्या नावावर होईल का. दुसरा सातपूरच्या एका ताईंचा, नवरा फौजेतून रिटायर होऊन सिक्युरिटीत लागलाय, लायसन्सची बंदूक घरातच असते, कोर्टाने ताईंना प्रोटेक्शन ऑर्डर दिली पण बंदूक आहे तिथेच कपाटात, आणि त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की ऑर्डर झाली की लायसन्स आपोआप कॅन्सल होतं.

दोघांना एकत्रच उत्तर देतो कारण कायदा एकच, बाजू दोन. मी सीबीएसजवळच्या (नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या) कोर्टात डीव्हीच्या केसेस दोन्ही बाजूंनी लढवतो आणि लायसन्सची प्रकरणंही बघतो, त्यामुळे याची बाजू घेतली त्याची घेतली असं कुणी मनात आणू नका.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडे नुसत्या प्रोटेक्शन ऑर्डरने लायसन्स आपोआप जात नाही आणि नुसत्या प्रोटेक्शन ऑर्डरने अर्ज आपोआप फेटाळलाही जात नाही. पण त्याच डीव्ही कायद्यात एक बाँड (लेखी हमीपत्र) आहे, तो कोर्टाने लिहून द्यायला लावला की मात्र थेट कायद्याने बंदी लागू होते असं माझं मत आहे, आणि गंमत म्हणजे हा बाँड बहुतेक डीव्हीच्या अर्जात कुणी मागतच नाही. त्याच्याकडे येतोच, पण आधी आर्म्स ॲक्ट काय म्हणतो ते बघू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात कलम ९ म्हणजे कुणी शस्त्र बाळगायचंच नाही त्याची यादी. २१ वर्षांखालचा माणूस, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेला माणूस, त्याला शिक्षा संपल्यावर पुढची ५ वर्षं बंदी. आणि तिसरा, ज्याला क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या (सीआरपीसीच्या) आठव्या चॅप्टरखाली शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड द्यायचा आदेश झालाय तो, त्या बाँडची मुदत संपेपर्यंत. हेच आपण पोलीस स्टेशनच्या भाषेत चॅप्टर केस म्हणतो. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली, तिथे हाच भाग नवव्या चॅप्टरमध्ये कलम १२५ पासून पुढे आहे, जुनं १०७ (शांतता राखण्याचा बाँड) आता १२६ झालं, जुनं ११० (सराईतांकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड) आता १२९. आर्म्स ॲक्टमध्ये जुन्या कायद्याचं नाव आहे म्हणून बंदी उडाली असा युक्तिवाद कुणी केलाच तर तो टिकणार नाही, जुना कायदा रद्द होऊन नवा आला की जुन्याचा उल्लेख नव्याला लागू धरायचा असा जनरल क्लॉजेस ॲक्टचा नियमच आहे.

आता या यादीत प्रोटेक्शन ऑर्डर कुठेय? कुठेच नाही. कारण साधं, आर्म्स ॲक्ट १९५९ चा आणि डीव्ही कायदा २००५ चा, आणि नंतर २०१९ मध्ये आर्म्स ॲक्ट बदलला तेव्हा एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, लग्नात हवेत गोळीबार केला तर शिक्षा, हे सगळं आलं पण घरगुती हिंसाचाराचं एक वाक्य कुणी घातलं नाही. अमेरिकेत उलट आहे, आणि आपल्याकडचे अर्धे गैरसमज तिकडच्या सिरीज बघून आणि तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोनवरून आलेत. तिथे १९९४ पासून फेडरल कायदाच सांगतो की नोटीस देऊन, बाजू मांडायची संधी देऊन जोडीदाराच्या संरक्षणाची ऑर्डर झाली असेल आणि त्यात धोका नोंदवला असेल किंवा मारहाणीला स्पष्ट मनाई असेल तर तेवढा काळ बंदूक बाळगणं हाच गुन्हा, आणि रहीमी नावाच्या केसमध्ये जून २०२४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा आठ विरुद्ध एक मतांनी कायमही ठेवला. तिकडे बंदूक हा हक्क म्हणून काढून घ्यायला असा वेगळा कायदा लागतो, इकडे बंदूक ही परवानगी आहे, ती परवानगी देणाऱ्या साहेबाच्या टेबलावर तुमची ऑर्डर पोचली का आणि पोचल्यावर त्यांनी तिचं काय केलं यावर सगळं चालतं.

आणि हे टेबल कुठलं तेही आधी समजून घ्या. नाशिक शहर म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत लायसन्सचे मालक पोलीस आयुक्त, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, मालेगाव, बाकी सगळा ग्रामीण भाग असेल तर जिल्हाधिकारी, पोलीस रिपोर्ट ग्रामीण एसपींकडून. सातपूरच्या ताईंचं काम आयुक्तालयात आणि निफाडच्या काकांचं कलेक्टर ऑफिसात. फौजेतून आलेल्यांच्या बाबतीत अजून एक भानगड, देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे रिटायर जवान भरपूर, त्यातल्या बऱ्याच जणांचं लायसन्स मूळ गावच्या जिल्ह्यातलं असतं, उत्तर प्रदेश, राजस्थान, कुठलंही. तेव्हा इथे अर्ज देऊन बसण्याआधी लायसन्सच्या पुस्तकावर देणारी ऑथॉरिटी कोण आणि यूआयएन (लायसन्सदाराचा ओळख क्रमांक) काय ते बघा. हा नंबर राष्ट्रीय डेटाबेसमधला असतो, तो हातात असला तर पुढचं पत्र योग्य टेबलावर जातं.

आता तो बाँड. डीव्ही कायद्यात कलम १८ म्हणजे प्रोटेक्शन ऑर्डर, मारू नको, ऑफिसात जाऊ नको, फोन करू नको वगैरे. कलम १९ म्हणजे राहण्याची ऑर्डर, घरातून काढू नको, त्या खोलीत येऊ नको. या कलम १९ च्या तिसऱ्या पोटकलमात लिहिलंय की मॅजिस्ट्रेट समोरच्याकडून घरगुती हिंसाचार करणार नाही असा बाँड घेऊ शकतो, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. आणि लगेच चौथ्या पोटकलमात म्हटलंय की असा आदेश हा सीआरपीसीच्या आठव्या चॅप्टरखालचाच आदेश आहे असं समजायचं आणि तसंच वागवायचं. आता हे वाक्य आणि वरचं आर्म्स ॲक्टचं कलम ९ शेजारी शेजारी ठेवून वाचा. डीव्हीच्या मॅजिस्ट्रेटने १९(३) चा बाँड लिहून घेतला की माणूस थेट त्या मनाईच्या यादीत जाऊन बसतो, मग साहेबांचं मत, विवेक, चौकशी वगैरे काही उरत नाही, आर्म्स ॲक्टच्या कलम १४ प्रमाणे अर्ज नाकारावाच लागतो आणि लायसन्स असलं तर कलम १७ खाली सस्पेंड किंवा रद्द करायला आधार तयार. समोरचा वकील म्हणेल की हा बाँड घरगुती हिंसाचार टाळण्याचा आहे, शांतता राखण्याचा नाही, म्हणून कलम ९ लागत नाही. म्हणू द्या. कायद्याने समजायचं म्हटलंय तर अर्धवट समजून कसं चालेल, बायकोला मारणार नाही हे लिहून देणं म्हणजे शांतता राखायचं लिहून देणं नाही तर काय आहे.

ताई, तुमच्या ऑर्डरमध्ये बघा, बाँडचा उल्लेख असण्याची शक्यता कमीच. नेहमीच्या ड्राफ्टमध्ये कलम १२, १८, १९, २०, २२ असं एका ओळीत टाकतात आणि खाली प्रार्थनेत मारहाण करू नये, घरातून काढू नये, दरमहा इतकी पोटगी द्यावी एवढंच. बाँड मागितलेला नसला तर कोर्ट आपणहून देत नाही. तुमच्या वकिलांना सांगा, चालू केसमध्येच वेगळा अर्ज टाका. त्यात दोन गोष्टी स्पष्ट मागा. एक, कलम १९(३) खाली बाँड, आणि त्याची मुदत ऑर्डरमध्ये लिहावी अशी विनंती, कारण मुदत लिहिली नाही तर पुढे बंदी कधी संपली यावरून नुसता घोळ होतो. दोन, कलम १८ च्या शेवटच्या पोटकलमात ऑर्डरमध्ये नमूद केलेलं इतर कुठलंही कृत्य करायला मनाई करता येते, त्याखाली असं काहीसं मागा: "सामनेवाला यांनी त्यांच्या नावे असलेलं अमुक क्रमांकाचं शस्त्र व काडतुसं स्वतःजवळ किंवा सामायिक घरात ठेवू नयेत, ती आदेशाच्या तारखेपासून अमुक दिवसांत जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती कोर्टात हजर करावी, व या आदेशाची प्रत शस्त्र परवाना प्राधिकाऱ्यांना पाठवावी." शस्त्राचा नंबर टाकाच. नंबर नसेल तर लायसन्सच्या पुस्तकाच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो चालतो, तोही नसेल तर निदान बोअर आणि ते कुठे ठेवलेलं असतं ते लिहा.

बंदूक दाखवून धमकी दिली असेल तर ती गोष्ट प्रोटेक्शन ऑफिसरच्या (डीव्ही कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याच्या) डीआयआरमध्ये, म्हणजे घरगुती घटनेच्या अहवालात, तारखेसह यायलाच हवी. डीव्हीच्या २००६ च्या नियमांत तर मॅजिस्ट्रेटने लेखी सांगितलं की प्रोटेक्शन ऑफिसरने पोलिसांची मदत घेऊन हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करायचं अशी तरतूदच आहे, नियम १० मध्ये. पण वापरलेलं हत्यार म्हटलंय, कपाटात नुसतं पडून असलेलं नाही, म्हणून धमकीचा प्रसंग कागदावर येणं महत्त्वाचं. "तो नेहमी बंदुकीची भीती दाखवतो" एवढ्यावर काही होत नाही. कधी, कुठल्या खोलीत, काय बोलला, बंदूक हातात होती की कपाटाकडे बोट केलं, मुलं कुठे होती, हे सगळं हवं.

मॅजिस्ट्रेट स्वतः लायसन्स रद्द करू शकतात का असं विचारतात. नाही. कोर्टाला लायसन्स रद्द करायचा अधिकार आर्म्स ॲक्टच्याच गुन्ह्यात शिक्षा देताना किंवा तसल्या अपिलात वगैरे आहे, डीव्हीत नाही. म्हणून दोन टप्पे, कोर्टाने बंदूक ताब्यातून काढायची आणि लायसन्स देणाऱ्याने लायसन्सचं बघायचं.

आणि इथेच गाडी अडते. डीव्ही कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ऑर्डरची फुकट प्रत दोन्ही पक्षांना आणि ज्या हद्दीत प्रकरण आहे त्या पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्याला जाते. लायसन्स शाखेला पाठवा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे ऑर्डर स्टेशनच्या फायलीत, लायसन्सची फाईल वेगळ्या इमारतीत, आणि दोघींची ओळख नाही. शिवाय डीव्हीचं प्रकरण म्हणजे एफआयआर नाही, ते मुख्यतः दिवाणी स्वरूपाचं आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच म्हटलंय, मग पोलिसांच्या गुन्ह्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नाव टाकून बघितलं तरी ते दिसेलच असं नाही. ४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाचा गुन्हा, आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) ८५, तो दिसतो. म्हणून ताई, ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी काढा, एका पानाचा अर्ज लिहा, आर्म्स ॲक्टच्या कलम १७(३) खाली लायसन्स निलंबित करून शस्त्र जमा करून घ्यावं ही विनंती, आणि आयुक्तालयाच्या आवक विभागात स्वतः देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. स्पीड पोस्टाने पाठवलं तरी चालतं पण शिक्क्याची पोच हातात असली की पुढे विचारायला तोंड राहतं. स्टेशनला एक कॉपी, भरोसा सेलला (पोलिसांच्या महिला मदत कक्षाला) एक.

नवरा पोलीसात किंवा चालू नोकरीत फौजेत असेल आणि बंदूक सरकारी असेल तर हे सगळं लागत नाही, ड्युटीच्या शस्त्राला लायसन्सच नसतं, तिथे तक्रार त्याच्या वरिष्ठांकडे.

आता काका तुमच्याकडे येतो, आणि तुमचं प्रकरण खरं तर जास्त गुंतागुंतीचं आहे.

२०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये नियम २५ आहे, लायसन्सदार ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, जे आधी होईल ते, की तो हयातीतच वारसाच्या नावे लायसन्ससाठी अर्ज करायला लावू शकतो. म्हणजे तुमचा हक्काचा मार्ग आहे. पण वारसा आहे म्हणून मुलाला आपोआप मिळतं असं नाही, त्याची पात्रता नव्या अर्जदारासारखीच तपासतात. अर्ज, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मेडिकल, पोलीस रिपोर्ट, सगळं. आणि पोलीस रिपोर्ट म्हणजे निफाडच्या स्टेशनचा माणूस गावात येऊन चार लोकांना विचारणार, आणि गावात सून माहेरी गेलीय हे सांगायला कुणाला वेळ लागत नाही.

तर प्रोटेक्शन ऑर्डरचा उपयोग लायसन्स देणारे कुठे करतात? आर्म्स ॲक्टच्या कलम १४ मध्ये नाकारायची कारणं आहेत, त्यात एक वाक्य आहे, "कोणत्याही कारणास्तव परवान्यास अयोग्य", आणि दुसरं, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटलं तर. ही दोन वाक्यं म्हणजे आमच्याकडची सगळ्यात मोठी पिशवी, त्यात काहीही बसतं. मुलाची ऑर्डर काय शब्दांत आहे हे यात फार महत्त्वाचं. ऑर्डर जर फक्त पोटगी आणि घरात राहू देण्यापुरती असेल, मारहाणीबद्दल प्रथमदर्शनी निष्कर्ष नसेल, तर नुसत्या केसच्या आधारावर नाकारणं कमकुवत, कारण नुसती केस प्रलंबित आहे म्हणून लायसन्स रद्द करता येत नाही, त्या माणसाकडे शस्त्र असल्याने शांततेला धोका कसा ते लेखी सांगावं लागतं, असं वेगवेगळ्या हायकोर्टांनी अनेकदा म्हटलंय. पण ऑर्डरमध्ये जर मारहाण प्रथमदर्शनी दिसते असं लिहिलं असेल, मेडिकल जोडलेलं असेल, आणि त्यात बंदुकीचा एक शब्द जरी असेल, तर स्पष्ट सांगतो, आत्ता अर्जच करू नका. नकार रेकॉर्डवर आला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो सोबत येतो.

एकतर्फी अंतरिम ऑर्डर असेल, डीव्ही कायद्याच्या कलम २३ खालची, म्हणजे मुलाची बाजू न ऐकताच झालेली, तर तिचं वजन कमी असतं हे खरं, पण ती अंमलात असते हेही खरं. मुलाने हजर होऊन म्हणणं दाखल करावं, आणि सेशन्स कोर्टात अपील करायचं तर कलम २९ खाली ३० दिवस आहेत हे विसरू नये. ऑर्डर मोडली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. आत्तापर्यंत दिवाणी वाटणारं प्रकरण इथे फौजदारी होतं. त्यात हिंसा असेल आणि कैद झाली तर मग वरच्या कलम ९ ची पाच वर्षांची बंदी लागायची शक्यता तयार होते. सुनेला एक मेसेज टाकला, तिच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिला, असल्या गोष्टींनी प्रकरण तिथपर्यंत जातं, म्हणून मुलाला आवरा.

फॉर्ममध्ये रकाने असतात, पूर्वी शिक्षा झालीय का, बाँडचा आदेश झालाय का, कुठल्याही कायद्याने शस्त्र बाळगायला बंदी आहे का. बाँड झाला असेल आणि तिथे "नाही" लिहिलं तर ते महत्त्वाची माहिती दडवणं झालं, कलम १७(३) मध्ये तेवढ्या एका कारणाने लायसन्स रद्द होतं, मग दोन वर्षांनी मिळालेलं असलं तरी. बाँड नसेल आणि फक्त १८ ची ऑर्डर असेल तर त्या रकान्यात "नाही" बरोबर आहे, पण मी माझ्या अशिलांना सोबत एक पान जोडायला लावतो, डीव्ही अर्ज प्रलंबित, ऑर्डर अमुक तारखेची, प्रत जोडली आहे. काही जण म्हणतात वकीलसाहेब स्वतःच्या पायावर धोंडा कशाला. पोलीस रिपोर्टमध्ये ते येणारच, आणि तुम्ही आधी सांगितलेलं असलं तर निदान लपवलं हा मुद्दा हातातून जातो.

चॅप्टरची नोटीस आणि चॅप्टरचा आदेश यात लोक गल्लत करतात तेही सांगून टाकतो. भांडणानंतर तहसीलदारांची किंवा शहरात एसीपींची (सहायक पोलीस आयुक्तांची) नोटीस आली की का बाँड घेऊ नये याचं कारण दाखवा, ती नुसती नोटीस आहे, तिने कलम ९ लागत नाही. बाँड द्यायचा आदेश झाला की लागतं, आणि चौकशी चालू असतानाच अंतरिम बाँडचा आदेश झाला तर तोही आदेशच असं धरून चाला. १२६ चा बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा, १२९ चा तीन वर्षांपर्यंत. एसीपींच्या समोर "साहेब सही करून टाकतो, कटकट नको" म्हणून बाँडवर सही करून येणारे लायसन्सदार मी बघितलेत, आणि त्यांना तेव्हा कुणी सांगत नाही की या सहीबरोबर वर्षभर बंदूक गेली.

काका, अजून एक, आणि हे तुम्ही विचारलं नाहीत. बंदूक आज तुमच्या नावावर आहे, मुलगा त्याच घरात राहतो, चावी कुठे असते? सुनेने अर्जात तुम्हालाही सामनेवाले केलं असेल तर शस्त्र जमा करायचा आदेश तुमच्याविरुद्धही होऊ शकतो. केलं नसेल तरी लायसन्सच्या अटींमध्ये शस्त्र सुरक्षित ठेवायची जबाबदारी तुमची, आणि मुलाने ते हातात घेतलं तर तो विनापरवाना, किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड, तुमचं लायसन्स जाईल ते वेगळं. द्राक्षाच्या बागेत रात्री बिबट्या येतो, रानडुकरं येतात, त्यासाठी बंदूक लागते हे मला समजतं, निफाडला उसात काय परिस्थिती आहे ते पेपरात रोज येतं. पण माझं ऐकाल तर केसचा निकाल किंवा तडजोड होईपर्यंत बंदूक स्वतःहून जमा करा. निवडणुकीला करताच की. स्टेशनला किंवा लायसन्सधारक आर्म्स डीलरकडे. पावतीवर शस्त्राचा नंबर, मेक, बोअर, काडतुसं किती आणि कुठली, तारीख आणि स्टेशन डायरीची नोंद हे सगळं लिहून घ्या, नंबर लायसन्सच्या पुस्तकाशी आणि बंदुकीवरच्या कोरलेल्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवा. जुन्या बंदुकींवरचा नंबर गंजून अर्धा दिसतो, तीनचा आठ झाला की परत घेताना महिनाभर फेऱ्या. आणि स्वतःहून जमा केलेली पावती मुलाच्या डीव्हीच्या केसमध्येही कामी येते, घरात शस्त्र नाही म्हणून दाखवायला.

लायसन्स सस्पेंड किंवा रद्द झालंच तर? साधारणपणे आधी कारणे दाखवा नोटीस येते, तिला उत्तर न देता गप्प बसू नका, लेखी उत्तर, सोबत कागद. आदेशात कारणं लिहावी लागतात आणि मागितल्यावर त्याचा सारांश तुम्हाला द्यावा लागतो, अपवाद म्हणजे सार्वजनिक हिताला बाधा येईल असं त्यांना वाटलं तर. आदेश मिळाला की बंदूक आधी जमा, वाद नंतर, कारण त्या क्षणापासून ती बंदूक विनापरवाना आहे. आर्म्स ॲक्टच्या कलम १८ खाली अपील, मुदत ३० दिवस, ग्रामीणमध्ये कलेक्टरांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्या नाशिकरोडला, आणि शहरात पोलीस आयुक्तांच्या आदेशावर मंत्रालयात गृह विभागाकडे. त्याच्यापुढे हायकोर्टात रिट.

सिक्युरिटीवाल्या फौजींचा प्रश्न मात्र मला खरंच अवघड वाटतो. लायसन्स गेलं की गनमनची नोकरी गेली, नोकरी गेली की पोटगी कुठून देणार, आणि हा मुद्दा कोर्टात दोन्ही बाजूंनी मांडला जातो. ताई, तुमच्या नवऱ्याचा वकील हे म्हणणारच. यावर मी एक मधला मार्ग बऱ्याचदा सुचवतो, ड्युटी संपली की शस्त्र एजन्सीच्या किंवा बँकेच्या शस्त्रागारात ठेवायचं, घरी आणायचं नाही, एजन्सीने तसं लेखी पत्र कोर्टात द्यायचं. धमकीत बंदूक नव्हती तिथे मॅजिस्ट्रेट हे मान्य करतात. बंदूक दाखवून धमकी असेल तिथे मी स्त्रीच्या बाजूने असलो तर हा मार्ग अजिबात स्वीकारत नाही, नोकरी गेली तर गेली.

अजून एक प्रश्न ताईंनी शेवटी हळूच विचारलाय, मला स्वतःला लायसन्स मिळेल का. प्रोटेक्शन ऑर्डर तुमच्या बाजूने आहे, तुमच्याविरुद्ध नाही, तिने तुमच्या पात्रतेला काही होत नाही. उलट आर्म्स ॲक्टच्या कलम १३ मध्ये योग्य कारण दाखवावं लागतं, जिवाला धोका आहे याचा कोर्टाचा कागद तुमच्याकडे तयार आहे. मात्र नवऱ्याने उलट केस टाकून तुमच्यावरही चॅप्टर केली असेल तर वरचं सगळं तुम्हालाही तसंच लागू. मत विचाराल तर, त्याच घरात राहून एका घरात दोन बंदुका नकोत. आधी त्याची बाहेर काढा, तो अर्ज तुमच्या अर्जापेक्षा लवकर निकाली लागतो.

तडजोड झाली, केस मागे घेतली, तर ऑर्डर आपोआप लायसन्सच्या फायलीतून पुसली जात नाही. डीव्ही कायद्याच्या कलम २५ प्रमाणे प्रोटेक्शन ऑर्डर पीडित स्त्री ती काढून टाकायचा अर्ज करेपर्यंत चालू राहते. तिने अर्ज करून ऑर्डर रद्द करून घ्यायची, त्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी, बाँड असेल तर मुदत संपल्याचा पुरावा, आणि शस्त्र परत मिळण्याचा अर्ज, हे तिन्ही एकत्र लायसन्स शाखेत द्यायचे. नुसत्या तडजोडीच्या स्टॅम्प पेपरवर बंदूक परत मिळत नाही, तो घेऊन येणारे दर महिन्याला कुणी ना कुणी असतातच. आणि काका, तुमच्या मुलाचा अर्ज त्याच्यानंतर टाका, तोपर्यंत तुमचं लायसन्स रिन्यूची तारीख येत असेल तर ते तुमच्याच नावाने रिन्यू करून ठेवा, मुदत संपलेल्या लायसन्सवर वारसाची ट्रान्सफर मागायला गेलात तर पहिला प्रश्न तोच विचारतील.